डिनाबाईंच्या उसन्या भिंती

डिनाबाई वेसेलिंक ज्या घरात राहतात ते मुळात घर नाही. दोन घरांमधून मागच्या अंगणात जायची ती वाट होती. कधी काळी कुणीतरी तिच्यावर कौलं चढवली, पुढे एक दार आणि खिडकी बसवली, मागे एक दार बसवलं आणि आत माणूस ठेवलं. त्यामुळे घराला पुढची बाजू स्वतःची आहे, मागची आहे, छप्पर आहे. बाजूच्या भिंती तेवढ्या नाहीत. डावी भिंत डावीकडच्या शेजाऱ्याची, उजवी उजवीकडच्याची. आमच्या झुटफेन शहरातल्या या बोळात सगळीच घरं एकमेकांना टेकून उभी आहेत, पण टेकायला निदान प्रत्येकाला स्वतःचं अंग आहे. डिनाबाईंच्या घराला तेही नाही.

माझं बूट दुरुस्तीचं दुकान बरोबर समोर. कामाला उजेड लागतो म्हणून मी खिडकीशी बसतो, आणि आमच्याकडे पडदे कुणी ओढत नाही, म्हणून समोरचं दिसतं. मी बघतो असं नाही. दिसतं.

डिनाबाई इथे आल्या तेव्हा पस्तिशीच्या असतील. लहानपण फोर्डन गावाजवळच्या शेतावर गेलेलं, तिथे शेजारणीकडे साखर मागायची तर सायकल काढावी लागायची. शहरात येऊन त्यांनी कापडाच्या दुकानात पडद्यांचं कापड कापून द्यायची नोकरी धरली आणि परवडलं म्हणून हे घर घेतलं. वडील घर बघायला आले. खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी दोन्ही हात पसरले, तर दोन्ही तळवे भिंतींना टेकले.

"डिना, आपल्या गाईंना याहून जास्त जागा आहे."

"गाईंना काय, एकमेकींची सोबत असते, बाबा."

"आणि इथे तुला कोण आहे?"

तेवढ्यात डावीकडून एक बाई कडाडली, "पाय! पाय पूस आधी!" वडील दचकले आणि मुकाट्याने दारात जाऊन पाय पुसून आले.

ती रीक हिटब्रिंक. तिचा नवरा ग्रादुस बस चालवायचा, मधे घडी असलेली ती लांबलचक बस. दिवसभर शंभर माणसांना वळणावरून सुखरूप नेणारा हा गडी घरात शिरला की त्याला काही म्हणजे काही सापडत नसे. भिंत तशी हातभर जाड आहे, पण डिनाबाईंच्या माळ्याच्या तुळया दोन्हीकडच्या भिंतींत आरपार घुसवलेल्या, त्यामुळे आवाज भिंतीतून येत नाही, तुळईवरून चालत येतो. उजवीकडे टेन ब्रुकेआजी होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून रेडिओवरची रविवारची प्रार्थना सगळ्या बोळाला व्हायची. डिनाबाई चर्चला जायच्या नाहीत, तरी प्रवचन चुकलं असं कधी झालं नाही.

हे सगळं ऐकू येतं, हे डिनाबाईंनी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. बाहेर ग्रादुस भेटला की बोलणं ठरलेलं.

"वारं आहे, वेसेलिंकबाई."

"आहे खरं, हिटब्रिंकसाहेब."

आदल्या संध्याकाळी तो पायमोजे शोधत तासभर बायकोच्या शिव्या खात होता, हे माहीत असलेल्या बाईने याहून जास्त बोलायचं तरी काय?

पुढे डिनाबाई निवृत्त झाल्या, ग्रादुसही झाला, आणि त्याच हिवाळ्यात रीक गेली. प्रेतयात्रेला आख्खा बोळ गेला. डिनाबाईंनी कबरीशी ग्रादुसचा हात हातात घेतला आणि "वाईट झालं" एवढंच म्हणाल्या. घरी येऊन मात्र त्या कोट न काढता डाव्या भिंतीशी उभ्या राहिल्या. पलीकडून आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने ग्रादुस म्हणाला, "पाय पुसलेत मी, रीक." डिनाबाईंनी मग कोट काढला.

तेव्हापासून तो रोज रीकशी बोलायचा. बटाटे करपले हे सांगायचा, बसच्या नव्या रस्त्याला नावं ठेवायचा, चष्मा कुठेय विचारायचा. मधे रीकच्या उत्तराएवढी जागा सोडायचा आणि पुढे बोलायचा.

टेन ब्रुकेआजी वृद्धाश्रमात गेल्यावर त्यांचं घर मारलूस आणि योरिट या तरुण जोडप्याने घेतलं. मारलूसला दिवस गेले होते. मुलगी फार समजूतदार. सामान लावायच्या आधी सफरचंदाचा केक घेऊन डिनाबाईंकडे आली.

"तुम्हाला आमच्या बाळाचा अजिबात त्रास व्हायचा नाही. आम्ही आमच्या बाजूने आवाज अडवणारी भिंत घालून घेतोय. तुळयांच्या भोवतीसुद्धा."

"कशाला एवढं?"

"नाही नाही, आम्हालाच बरं वाटेल."

केक चांगला होता, त्यामुळे डिनाबाईंना पुढे काही बोलता आलं नाही. कामगार आले, ठोकाठोक झाली आणि एका शुक्रवारी उजवी बाजू बंद झाली. बाळ जन्मलं तेव्हा योरिट आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बडीशेपेच्या गोड गोळ्या लावलेले टोस्ट घेऊन सांगायला आला, म्हणून कळलं. एरवी कळायची सोय नव्हती.

डिनाबाईंची झोप उडाली. त्या डॉक्टरांकडे गेल्या.

"कसला आवाज येतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. तोच तर त्रास आहे."

डॉक्टरांनी थोडा विचार करून पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. आमचे डॉक्टर पाय मोडला तरी तेच सांगतात, म्हणून डिनाबाईंनी ते मनावर घेतलं नाही. घरी येऊन त्यांनी पलंगाची उशी पायथ्याशी नेली. पलंग आडवा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. डोकं इतकी वर्षं उजव्या भिंतीला होतं, ते आता डाव्या भिंतीला आलं. खालच्या खोलीतली खुर्चीही त्यांनी डावीकडे तोंड करून ठेवली. झोप लागली.

मग ती संध्याकाळ. जेवायची वेळ. डिनाबाईंचं ताट मांडलेलं, मी दिवा लावून एका बुटाची टाच काढत होतो. ग्रादुस त्याच्या स्वयंपाकघरात कपाटं उघडत-मिटत होता.

"जायफळ कुठे गेलं, रीक? घेवड्यावर घालायला जायफळ नाही. जायफळ कुठे ठेवलंयस?"

त्याने उत्तराएवढी जागा सोडली. आता, हा प्रश्न रीकला तो आठवड्यातून एकदा तरी विचारायचा आणि रीक प्रत्येक वेळी ओरडून सांगायची. डिनाबाईंना ते पाठ होतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वरच्या फळीवर, चहाच्या डब्यामागे!"

डिनाबाईंनी तोंडावर हात दाबला. मला खिडकीतून एवढंच दिसलं की बाई तोंड दाबून भिंतीकडे बघतायत. मला वाटलं जीभ भाजली. मग डबा सरकल्याचा आवाज आला.

"सापडलं," ग्रादुस म्हणाला. आणि जरा थांबून, "आभारी आहे."

दुसऱ्या दिवशी दारात दोघं समोरासमोर आले.

"वारं आहे, वेसेलिंकबाई."

"आहे खरं."

कुणी जायफळाचं नाव काढलं नाही. पण संध्याकाळी पलीकडून खाकरल्याचा आवाज आला आणि ग्रादुसने विचारलं, "लोण्याचं काय?"

"लोणी तुझ्या समोर असणार. नेहमी समोरच असतं."

होतं.

असं ते सुरू झालं. आधी वस्तू शोधून देणं, मग आजचं जेवण, मग बाकीचं सगळं. ग्रादुसने खुर्ची आणून भिंतीकडे तोंड करून ठेवली. मला दोन्ही खिडक्या दिसतात: इकडे ही भिंतीकडे बघून हसतेय, तिकडे तो भिंतीपुढे हात हलवून काहीतरी समजावून देतोय. बोळात आलेले पर्यटक फोटो काढायचे. भिंतीआड ते "डिना" आणि "ग्रादुस" होते, अरेतुरे चालायचं. रस्त्यावर आले की वेसेलिंकबाई आणि हिटब्रिंकसाहेब.

रीकबद्दल ग्रादुसने एकदाच विचारलं. "तुला सगळंच ऐकू यायचं?"

"सगळं."

"मी तिला कधी धडपणे उत्तर दिलं नाही ना?"

"नाही दिलंस. पण ती गेल्यावर रोज देतोस. मी ऐकलंय."

त्या संध्याकाळी डिनाबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला तेव्हा कुठे जेवायला बसल्या.

पुढच्या वसंतात त्याने भिंतीपलीकडून लग्नाचं विचारलं.

"ऐकू नाही आलं," डिनाबाई म्हणाल्या. स्वच्छ ऐकू आलं होतं.

ग्रादुस उठला, कोट घातला, बाहेर आला आणि शेजारची घंटी वाजवली. दार उघडलं. मी खिडकी जराशी उघडी ठेवली होती, चामड्याचा वास जावा म्हणून.

"वेसेलिंकबाई, माझ्या म्हणण्याचा आपण विचार करावा."

"केला, हिटब्रिंकसाहेब. हो. आता एक तर आत या, नाहीतर बाहेर राहा, गारठा शिरतोय."

नगरपालिकेत लग्न लागलं. साक्षीदार मी आणि मारलूस. बाळ सगळा वेळ रडलं, आणि डिनाबाई अधूनमधून कौतुकाने म्हणत होत्या, "आवाज छान आहे हो त्याचा."

भिंतीत एक दार पाडायचं ठरलं. जुन्या इमारतींच्या खात्यातून एक बारीकसा साहेब आला. त्याने भिंतीवरून हात फिरवला, विटा मोजल्या आणि इतका खूश झाला की त्याला खुर्ची द्यावी लागली. भिंत इथे पूर्वी मठ होता त्या काळातली निघाली.

"हिला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"लहान दार," ग्रादुस म्हणाला.

"नाही."

"खिडकी?"

"नाही."

"मीठ देण्यापुरतं भोक?"

साहेबाचे डोळे भरून आले, एवढंच ग्रादुसला उत्तर मिळालं.

मग डिनाबाई ग्रादुसकडे राहायला गेल्या. त्याचं घर रुंद. मधोमध उभं राहिलं तर कुठल्याच भिंतीला हात पोचत नाही. पहिल्या संध्याकाळी दोघं टेबलाशी समोरासमोर बसले.

"मीठ?"

"नको."

"वारं आहे."

"आहे खरं."

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी वारंही नव्हतं. तोंडासमोर तोंड आलं की दोघांना रस्त्यावर भेटल्यासारखं व्हायचं आणि मान खाली जायची. आठवडा संपता संपता डिनाबाईंनी चमचा खाली ठेवला.

"ग्रादुस, मी जरा घरी जाऊन येते."

त्याने मान हलवली. त्या गेल्या तसं त्याने ताट बाजूला सारलं आणि दोन्ही हातांत डोकं धरून बसला. मला ते दिसलं आणि मी दिवा मालवून मागे गेलो. काही गोष्टी दिसू नयेत. पुढचं मला डिनाबाईंनी नंतर सांगितलं. त्या घरी गेल्या, शेगडी पेटवली, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हं. आता बोल."

"गेलीस ना तू?"

"मी इथे आहे. काय सांगत होतास परवा, त्या पुलावरच्या बसचं?"

पलीकडे खुर्ची सरकली. बसची गोष्ट मोठी होती.

तेव्हापासून त्यांचा संसार असा चालतो: दुपारचं जेवण ग्रादुसकडे, आणि दिवेलागणीला डिनाबाई आपल्या घरी. मारलूसला वाटलं भांडण झालं. ती केक घेऊन आली.

"काही मदत करू का? हल्ली यासाठी बोलायला चांगली माणसं असतात."

"बोलण्यासाठीच तर घरी येते मी, बाळ," डिनाबाई म्हणाल्या. केक घेतला आणि अर्धा ग्रादुसला पोचवला.

मागच्या हिवाळ्यात ग्रादुसला न्यूमोनिया झाला. डिनाबाईंनी त्याचा पलंग आपल्या पलंगाला लागून येईल असा भिंतीशी आणवला. दिवसा वाटाण्याचं दाट सूप भरवायच्या, त्याचा ताप बघायच्या आणि संध्याकाळ झाली की घरी. घरोघर फिरणारी नर्स भडकली.

"नवरा एवढा आजारी आणि तुम्ही सरळ आपल्या घरी जाता?"

"मी त्याच्यापासून हातभर अंतरावर झोपते. तुमचा नवरा कुठे झोपतो?"

नर्स म्हणाली, "वरच्या खोलीत. घोरतो."

"ग्रादुसही घोरतो. तीन दिवस घोरला नव्हता, काल घोरला. तुमच्या कागदावर लिहा, बरा होतोय."

आणि झालाही. फक्त कान गेले. डिनाबाई ओरडून बोलायला लागल्या, मग तो ओरडून उत्तरं द्यायला लागला, आणि त्यांच्या पोटदुखीपर्यंतच्या गोष्टी बोळाच्या त्या टोकाला कळायला लागल्या. अखेर लोकांनीच त्याला धरून कानाचं यंत्र घ्यायला नेलं. त्याच संध्याकाळी तो घराबाहेर आला आणि डिनाबाईंची घंटी वाजवली.

"वेसेलिंकबाई, आपण आत्ता मला गाढव म्हणालात."

"ऐकू आलं का?"

"स्वच्छ. हवामानाचं सांगून झाल्यावर. हळूच."

"ते मी नेहमीच म्हणते."

"नेहमी म्हणजे कधीपासून?"

"इथे राहायला आले तेव्हापासून."

ग्रादुसने हिशोब लावला. त्याने कानातलं यंत्र काढलं, उलटसुलट करून बघितलं आणि पुन्हा बसवलं.

"आणि चांगलं असं काही म्हणता का?"

"म्हणते. पण ते तू झोपल्यावर."

रस्त्यावर उभं असताना त्या त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाल्या होत्या. दोघांच्याही ते लक्षात आलं. ग्रादुसने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग माझ्या खिडकीकडे बघितलं. मी बुटात खिळा ठोकत होतो.

"मग आज मी जागा राहतो," तो म्हणाला आणि घरी गेला.