पिकअपला बांधलेली वाळ्याची ताटी

अमरावतीत कूलर बनवणारे पुष्कळ, पण अब्दुल सत्तारांइतकं कूलरवर बोलणारा दुसरा नव्हता. गिऱ्हाईक नुसती किंमत विचारायचं आणि सत्तारभाई त्याला हवेवर प्रवचन ऐकवायचे. "कूलर बंद खोलीत ठेवसान तं काही कामाचा नाई. त्याले मागून हवा पायजे. खिडकी उघडी ठेवा, मायबाप!" हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की शेजारचा पानठेलेवाला त्यांच्याआधी म्हणून दाखवायचा. पुढं याच वाक्यानं भर रस्त्यात त्यांची फजिती केली, आणि ती फजिती दुकानात सगळ्यांत रंगवून सांगणारेही तेच.

भारनियमनाची वर्षं होती ती. खेड्यांत अर्धा दिवस वीज नाही. कापसानं आणि संत्र्यानं शेतकऱ्याला पार झोपवलेलं, मग कूलर घेतो कोण? सत्तारभाईंनी एक जुनी डिझेल पिकअप घेतली, मागं जनरेटरची ट्रॉली जोडली आणि लग्नांत कूलर भाड्यानं द्यायला लागले. गाडी ताब्यात देताना मेकॅनिक म्हणाला, "चाचा, वजन ओढतानी गरमीचा काटा चढला तं कॅबिनचा हीटर फुल लावजा. इंजिनची गरमी तेवढीच अंदर निघून येते." सत्तारभाईंना हसू आवरेना. "अबे, कूलरवाल्याले हीटर शिकवतं काय!"

त्यांनी आपला इलाज काढला. पिकअपच्या तोंडावर, रेडिएटरच्या जाळीपुढं, कूलरला लावतात ती वाळ्याची ताटी बांधली आणि तिच्यावर पाणी ठिबकायला कॅनमधून नळी सोडली. माणसाला थंड करतो तो वाळा इंजिनला का नाही करणार? गल्लीतून रिकामी गाडी फिरवून आणली, काटा जागचा हलला नाही. मग काय विचारता! जो भेटेल त्याला बोनेटवर हात ठेवायला लावला.

मे महिन्यात रागिणीचं लग्न आलं. रागिणी शेंदूरजनाघाटच्या पंजाबरावांची लेक. अमरावतीत क्लासला होती तेव्हा सत्तारभाईंच्या दुकानावरच्या माडीवर खोली करून राहायची. त्या पत्र्याखालच्या खोलीत त्यांनी तिला आपल्या हातचा कूलर लावून दिला होता. "काका, माह्या लग्नात तुमचाच कूलर पायजे हं," असं तिनं म्हटलं होतं आणि काकांनी शब्द दिला होता. पंजाबरावांची संत्र्याची बाग मधल्या काळात वाळून गेली. ते फोनवर म्हणाले, "सत्तारभाई, साधंच लग्न आहे. एवढ्या लांब काहून तरास घेता?" सत्तारभाईंना असा राग आला! "पोरगी काय तुमच्या एकट्याची आहे काय?" म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. दुपारचं लग्न, वर पत्र्याचा मांडव. मंगलाष्टकांच्या आधी पोरीला गार हवा लागली पाहिजे, बाकी त्यांना काही सुचत नव्हतं.

सकाळी चार कूलर चढवले. लांबचा पल्ला म्हणून बोहल्याजवळ ठेवायच्या कूलरची जाड ताटी काढून तीही पिकअपच्या तोंडावर बांधली. पोचलो की परत लावू. शेजारी नवा बुरखा घालून त्यांच्या बेगम खातूनबी बसल्या. मोर्शी मागं पडली, चढ लागला आणि काटा लालकडं निघाला. सत्तारभाईंनी उतरून ताट्या भिजवल्या. थोडं पुढं गेले, काटा पुन्हा लाल. पुन्हा भिजवल्या. ताट्या पाणी पिऊन गादीसारख्या फुगल्या. शेवटी बोनेटमधून वाफ निघाली, तरी हा पठ्ठ्या कॅन घेऊन ताटीकडंच धावला.

खातूनबी घरात उर्दू बोलायच्या. चिडल्या की वऱ्हाडी. त्या खाली उतरल्या.

"काहो, गिऱ्हाईकाले काय सांगता तुमी? खिडकी उघडी ठेवा, हवा पायजे. अन् याचं नाकतोंड तुमीच बांधून ठेवलं! काहून नाई तापनार थे?"

सत्तारभाई कॅन धरून उभेच राहिले. "या अल्लाह," ते म्हणाले, "मी गाढव आहो."

"थे मले निकाहापासून मालूम आहे. ताट्या सोडा आधी."

ताट्या सोडल्या. इंजिन निवेपर्यंत लिंबाखाली बसले, मग रेडिएटरमध्ये पाणी भरलं. यात वेळ गेला तो गेलाच. पुढं चढ होता आणि मागं जनरेटर. काटा परत सरकायला लागला तेव्हा सत्तारभाईंनी हीटरच्या बटणाकडं चोरासारखं बघितलं. बाहेर झळांनी डोळे उघडवत नव्हते.

"तू एसटीनं ये," ते बायकोला म्हणाले.

"अन् पोरीनं विचारलं, काका कुठी हायेत, तं काय सांगू? लावा हीटर."

कॅबिनची भट्टी झाली. खातूनबी ओला रुमाल घटकेत आपल्या डोक्यावर टाकायच्या, घटकेत नवऱ्याच्या. काटा मात्र गुमान खाली बसला. जन्मभर लोकांना गारवा विकणारा माणूस भर मे महिन्यात, वऱ्हाडात, हीटर लावून चालला होता, आणि त्या मेकॅनिकला मनातल्या मनात सलाम ठोकत होता.

पोचले तेव्हा मांडवात अक्षता वाटून झाल्या होत्या. माणसं पत्रिकेनं वारा घेत होती. सत्तारभाईंनी धडाधडा जनरेटर लावला, तीन कूलर सुरू केले आणि बोहल्याजवळच्या चौथ्यापाशी येऊन कपाळावर हात मारून घेतला. याची ताटी रस्ताभर धूळ आणि डिझेल खात आली होती! दुसरी आणणार कुठून? तीच हापशावर धुऊन बसवली, बटण दाबलं आणि लाजेनं खांबामागं जाऊन उभे राहिले.

रागिणी अंतरपाटाआड मान खाली घालून उभी होती. झोत अंगावर आला तशी तिनं मान वर केली आणि गर्दीत इकडंतिकडं शोधायला लागली. मंगलाष्टकं संपली, हार पडले, आणि ती नवऱ्याला घेऊन सरळ खांबाकडं आली.

"आले न काका! मले वाटलं, राहिलेच आता तुमी."

"बेटा, थो वास..."

"वासानंच तं समजलं. अर्धा वाळा, अर्धं तुमचं दुकान." एवढं बोलून ती वाकून पाया पडली.

पंजाबरावांनी सत्तारभाईंना धरून पुढच्या खुर्चीत, कूलरसमोर बसवलं. माणूस टोमॅटोसारखा लाल झालेला, चेहरा चिंब.

"सत्तारभाई, रडून राहिले काय?"

"नाई जी, घाम होय. गाडीत हीटर लावला होता."

सगळा मांडव खदखदून हसला. खातूनबींनी रुमाल पुढं केला आणि म्हणाल्या, "खरंच लावला होता जी." मग तर कोणाचाच विश्वास बसला नाही.