वडिवळ्याला गेलेलं शेवटचं रीळ

साठच्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या आमच्या छोट्या चित्रपट मंडळाला एका जुन्या जपानी दिग्दर्शकाच्या सुरुवातीच्या मूकपटाची प्रत मिळाली. मुंबईचे एक संग्राहक विश्वासावर देत होते. त्या दिग्दर्शकाचं नाव आमच्यापैकी कुणीच ऐकलेलं नव्हतं. लोणावळ्याच्या एका टॉकीजनं रविवार सकाळचा खेळ दिला, आणि शनिवारी चार डबे एकेका गोणपाटात बांधून मी गाडीत बसलो.

तळेगावला एक बाई चढल्या. लेकीकडून परतत होत्या, भोवती गोणपाटाची चार-पाच बोचकी. वडिवळ्याच्या भागूबाई, एवढं बोलण्यातून कळलं. कामशेतला त्या घाईनं उतरल्या. लोणावळ्याला मी सामान मोजलं, तर डबे तीनच.

शेवटच्या रिळाचा चौथा डबा भागूबाईंच्या बोचक्यांबरोबरच गेला असणार. फलाटावर चिक्की विकणाऱ्याला तिन्ही डबे सांभाळायला दिले आणि उलट्या गाडीनं कामशेत गाठलं. तिथून वडिवळ्याची एसटी नुकतीच गेली होती. चालत निघालो. (आता रस्ता चांगला आहे, पण जाणार असाल तर थंडीतच जा.) दोन्हीकडे भात काढलेली खाचरं, झोडपणी चाललेली. मला मात्र एकच दिसत होतं: उन्हात तापलेला डबा, नाहीतर त्यातून फिती ओढणारी पोरं.

भागूबाई ओटीवरच होत्या. मला बघून त्यांनाच हायसं वाटलं. गोणपाट सारखं असल्यानं घोटाळा झाला होता. डबा त्यांनी आत माठाजवळ गारव्याला ठेवला होता, झाकणालाही हात लावला नव्हता. त्यांनी पिठलं-भाकरी वाढली. डब्यात जपानच्या शेतकऱ्यांचा सिनेमा आहे, असं मी सांगितलं. उद्या तांदूळ घेऊन त्या लोणावळ्याच्या बाजारात येणारच होत्या. मी खेळाचं आमंत्रण दिलं.

आल्या, आणि माझ्या शेजारी बसल्या. पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या जपानी पाट्या आम्हाला कुणालाच वाचता येत नव्हत्या. शेवटच्या रिळात पावसात लावणी चालते. तरुण सून मध्येच थांबते, सासू तिच्या हातातली रोपं हिसकावते आणि बांधाकडे बोट दाखवते. सून निघून जाते. चित्रपट संपतो.

"हाकललं बिचारीला," मी पुटपुटलो.

"न्हाई ओ भाऊ," भागूबाई म्हणाल्या. "पोटुशी हाय ती. सासूनं वळखलं. हाकलायचं असतं तर सोताचं इरलं तिच्या डोक्यावर घातलं असतं व्हय?"

इरलं मी पाहिलंच नव्हतं. ऑपरेटरला विनवून ते रीळ पुन्हा लावलं. गवताचं ते पांघरूण सासू काढते, सुनेवर घालते, आणि स्वतः भिजत सुनेची ओळ पुरी करते.

सोमवारी मुंबईला जाऊन चारही डबे परत केले, तेव्हा कुठे छातीवरचा धोंडा उतरला. संग्राहकांनी विचारलं, लोकांना कसा वाटला. मी भागूबाईंचं बोलणं सांगितलं. त्यांनी लगेच चौथा डबा उघडून घरच्या यंत्रावर रीळ चढवलं, आणि संपल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "इतकी वर्षं मी त्या सासूचा उगाच राग करत आलो."

मी पुण्याला घरी आलो आणि संग्राहकांचं ते वाक्य भागूबाईंना कळवायला पहिलं पत्र वडिवळ्याला टाकलं.