खंडेनवमीच्या ताटातली टोपी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची समिती आमच्या कॉलेजात आली. नेटवर्क चाललं नाही. माझ्या नवऱ्याकडचं कॉम्प्युटरचं काम काढून घेतलं.

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होते आणि हे ऑफिसात कारकून. धाड गावाहून एसटीने आम्ही रोज सोबत जायचो. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जात. कॉलेजला तीन कॉम्प्युटर मिळाले होते. एक ऑफिसात, एक प्राचार्यांच्या खोलीत, एक माझ्या ग्रंथालयात. ते एकमेकांना जोडायचे कसे, हे कोणालाच माहीत नव्हतं. यांनी एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि दोन महिने एसटीत ते वाचलं. पेन्सिलने रेघा मारून, शब्दकोश मांडीवर ठेवून. बसमधले ओळखीचे लोक विचारायचे, मास्तर, आता कोणती परीक्षा?

गणपतीच्या सुट्ट्यांत यांनी एकट्याने तार ओढली. टीव्हीच्या केबलसारखी काळी तार, भिंतींना भोकं पाडून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलेली. तिचे सगळे सांधे यांनी स्वतः आवळले. तारेच्या दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेराएवढी धातूची टोपी लागायची. एक टोक ऑफिसात, दुसरं माझ्या टेबलामागे. टोपी नसली तर विहिरीत ओरडल्यासारखा संदेश टोकाला आपटून माघारी येतो आणि तिन्ही कॉम्प्युटर एकमेकांना ओळखत नाहीत, असं यांनी मला समजावून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

नेटवर्क सुरू झालं त्या दुपारी माझ्या पडद्यावर ऑफिसातून ओळ उमटली. डबा खाल्ला का? मी एकेक अक्षर शोधून उत्तर लिहिलं. हाव.

समितीला हे नेटवर्क दाखवायचं होतं. तिला ते पटलं तर कॉम्प्युटर विभाग मिळणार होता आणि विभागाचं काम यांच्याकडे येणार होतं. संस्थेच्या सचिवांनी तसं सगळ्यांदेखत सांगितलं होतं. बारा वर्षं आवक-जावकच्या रजिस्टरवर बसलेल्या माणसाला ते ऐकून रात्री जेवण गेलं नव्हतं.

खंडेनवमीला आमच्या भागात ज्या हत्यारावर ज्याचं पोट चालतं त्या हत्याराची पूजा होते आणि त्या दिवशी त्याला कामाला लावत नाहीत. कॉलेजात टाइपरायटर, प्रयोगशाळेतला तराजू, शिपायाची घंटा, सगळं पुजलं जायचं. त्या वर्षी कॉम्प्युटरही आले. हे आदल्या दिवशीच बजावून गेले होते की यंत्रावर पाणी शिंपडू नका. मी शिंपडलं नाही. मी कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली. ताटात ग्रंथालयाचा शिक्का ठेवला, किल्ल्यांचा जुडगा ठेवला, कागदाला भोकं पाडायचं यंत्र ठेवलं. मग वाटलं, यांच्या हातचं काहीतरी असावं. टेबलामागे हात घालून मी ती टोपी फिरवून काढली, पुसली आणि ताटात ठेवली. हळदकुंकू वाहिलं. शिपाईकाका ताट ऑफिसातल्या मोठ्या पूजेला घेऊन गेले. दसऱ्याची सुट्टी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी शिक्का आणि किल्ल्या माझ्या टेबलावर होत्या, तेव्हा टोपीही शिपाईकाकांनी जागेवर लावली असेल असं मी धरून चालले.

अकरा वाजता समिती आली. तिन्ही पडदे उजळले, पण एकाचं दुसऱ्याला काही दिसेना. यांनी ऑफिसातलं टोक पाहिलं. मग ग्रंथालयाच्या दारात येऊन मला विचारलं,

"तुह्याकडची टोपी जाग्यावर हाये ना?"

"हाव," मी म्हणाले. मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.

यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या हातावर संशय घेतला. शिडी लावून एकेक सांधा उघडला, पुन्हा आवळला. सदऱ्यावर चुना पडत होता. समितीने चहा घेतला, पोहे खाल्ले, घड्याळ पाहिलं. जाताना सचिव शिडीखाली थांबले आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कारकुनाले इंजिनियर केलं की असंच होते." दोघेतिघे हसले. त्यात प्राचार्यही होते.

दोन दिवसांनी औरंगाबादहून एक तंत्रज्ञ बोलावला. तो थेट माझ्या टेबलामागे वाकला आणि पिशवीतून नवी टोपी काढून लावली. दोन मिनिटं लागली. हे दारात उभे होते. यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तारेकडे पाहिलं.

टोपी मला पूजेच्या ताटात सापडली, वाळलेल्या झेंडूखाली. घरी येऊन ती मी यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, उद्या सचिवांना सांगते, चूक माझी आहे.

"राहू दे," हे म्हणाले. "तुही नोकरी कच्ची हाये. तुले काढून टाकतीन."

मी राहू दिलं. माझ्या नोकरीची मान्यता पुढच्या वर्षी आली. तेव्हाही सांगता आलं असतं. तेव्हा मी म्हणाले, आता जुनं कशाला उकरायचं. विभाग दोन वर्षांनी मिळाला आणि सचिवांच्या भाच्याकडे गेला. हे निवृत्त होईपर्यंत आवक-जावकवर राहिले. ते इंग्रजी पुस्तक यांनी ग्रंथालयाला देऊन टाकलं. त्याची नोंद मीच केली. ते कोणी कधी नेलं नाही.

यांनी मला एकदाही बोल लावला नाही. एवढंच झालं की रात्री हे विचारायचे, कडी लावली का, मी हाव म्हणायचे, आणि हे उठून कडी पाहून यायचे. गॅस बंद केला का, हाव, आणि हे उठायचे. सव्वीस वर्षं. पहिल्या वर्षी मी रडले. नंतर चिडले. एकदा म्हणालेही की मग विचारता तरी कशाला? त्या रात्रीही हे उठून गेले.

शेवटच्या आजारात यांना उठता येत नव्हतं. तरी विचारलं, गॅस बंद केला का? मी हाव म्हणाले. हे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मी उठले, जाऊन पाहिलं, परत येऊन सांगितलं की बंद आहे. तोवर यांचा डोळा लागला होता. त्यानंतर चार दिवसांनी हे गेले.

ते सचिव आता नाहीत. कॉलेजातली तार केव्हाच काढली. भिंतींतली भोकं आहेत, ती कोणी बुजवली नाहीत. टोपी घरी माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि तिच्या खाचेत कुंकू आहे. रात्री मी कडी लावते, आणि उठून पुन्हा पाहून येते.