उजव्या कानातला सेलो

"ऐकू येईनासं होऊन किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठवडा होत आला."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"इअरफोन बदलत होते," मी म्हणाले.

महाडच्या त्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात माझ्या उत्तरावर कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी तपासणीचा आलेख माझ्यापुढे धरला. डाव्या कानाची रेघ वर, सरळ. उजव्याची धाडकन खाली.

"सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस," ते म्हणाले. म्हणजे आतल्या कानाला किंवा तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला इजा होऊन अचानक आलेलं बहिरेपण. कारण बहुतेकदा सापडतच नाही. "यात सुरुवातीचे दिवस फार मोलाचे असतात, बाई. उशीर झालाय. आता बघू."

ते 'बघू' मला अजिबात आवडलं नाही. मी मास्तरीण आहे. नापास होणाऱ्या मुलाच्या बापाला मीही असंच 'बघू' म्हणते.

इअरफोनचं काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईचं डोकंही गेलं.

मी पोलादपूरच्या शाळेत शिकवते, राहते महाडला. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या भाचीने मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण पाठवलं आणि मला स्ट्रिंग क्वार्टेटचं वेड लागलं. दोन व्हायोलिन, त्याहून जरा खालच्या आवाजाचा व्हायोला आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा भारदस्त सेलो. आपल्या भजनात बुवा पुढे आणि बाकीचे मागून उचलून धरतात. इथे बुवाच नाही! चौघं एकमेकांचं ऐकत वाजवतात, भांडतात, समजूत काढतात. एकच रचना मी तीन-तीन चमूंची ऐकते. एक चमू एसटी सुटल्यासारखा धावतो, दुसरा प्रत्येक सुरापाशी थांबतो. एका जुन्या ध्वनिमुद्रणात तर सुरुवात करण्याआधी व्हायोलिनवाल्याने घेतलेला श्वास ऐकू येतो. तो ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो.

आमचे हे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. मूळचे महाडजवळच्या नाते गावचे. त्यांनी माझ्या क्वार्टेटचं नाव चांडाळचौकडी ठेवलं होतं. "लागली काय गो तुझी चांडाळचौकडी रडायला?" हे रोजचं.

नवख्यांना मी सांगते, चौघांना एकदम ऐकायला जाऊ नका. एकाला धरा आणि त्याला शेवटपर्यंत सोडू नका. मी सेलोला धरते. आणि माझ्याकडच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत सेलो उजव्या बाजूला असतो.

आम्ही वर डोंगरातल्या कुडपण गावी एका लग्नाला गेलो होतो. परतताना घाट उतरताना कानांना दडे बसले. डावा मोकळा झाला, उजवा नाही. होईल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी इअरफोन लावले तर सेलो भिंतीपलीकडे गेलेला, अगदी पुसट. मेला इअरफोन बिघडला, म्हणून नवा आणला. तोही तसाच. दुकानदार बिचारा स्वतःच्या कानाला लावून म्हणाला, "मॅडम, पीस चांगला हाय. दोन्हीकडून मस्त वाजतोय." मी त्याला तिथेच सुनावलं, "आधी तुझे कान तपासून घे!"

यांनी लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. त्यात आणखी दोन दिवस गेले. शेवटी एकदा घाईत मी इअरफोन उलटे घातले, उजवा डाव्या कानात. सेलो दणदणीत वाजला. इअरफोन धडधाकट होता.

उपचार सुरू झाले. स्टिरॉइडच्या गोळ्या, म्हणजे आतली सूज उतरवणारं जबर औषध. त्याने साखर वाढू शकते म्हणून तिच्या तपासण्या. झोप उडाली, तोंड सुजलं, कुणी काही बोललं की मी अंगावर धावून जायचे. "ह्या गोळ्यांचा परिणाम हाय की नेहमीचाच?" यांनी विचारलं. मी दोन दिवस अबोला धरला.

कानात कुकरची शिट्टी लागली होती, न थांबणारी. त्याला टिनिटस म्हणतात. बाहेरून काहीच येत नाही तेव्हा मेंदू स्वतःच आवाज करतो, असं डॉक्टरांनी समजावलं.

नसेवर गाठ तर नाही ना, हे पाहायला एमआरआय सांगितला. पनवेलला गेलो. त्या नळकांड्यात माझं डोकं पट्ट्याने बांधलं तेव्हा देवाचं नाव आठवेना. बाहेर बाकावर अहवालाची वाट पाहताना हे माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले, मुद्दाम. गाठ नव्हती. मी तिथेच, सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

मग इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शनं. कानाचा पडदा बधिर करून सुईने औषध थेट आत सोडतात. दुखतं कमी, भीती जास्त. डोकं गरगरतं, भिंत धरून बसावं लागतं. प्रत्येक वेळी मी डॉक्टरांना एकच विचारायचे, "दोन्ही कानांनी ऐकू येईल ना?" आणि ते म्हणायचे, "थोडं थांबा."

थोडं आलंसुद्धा! भांड्यांचा आवाज उजवीकडून आला तशी मी धावत जाऊन सेलो लावला. आणि इअरफोन कानांतून ओढून काढले. उजव्या कानातला सूर चढा आणि भसाडा, डाव्यातला बरोबर. एकच सूर, दोन कानांत दोन पट्ट्यांचा. याला डिप्लाक्युसिस म्हणतात. काहींचा कालांतराने जातो. बहिरेपण परवडलं, असं मला तेव्हा वाटलं. जे सगळ्यात आवडतं तेच किळसवाणं वाटावं, याहून वाईट काय?

शेवटच्या तपासणीत आलेखाची रेघ अर्ध्यावर येऊन थांबली होती.

"आता यापुढे फारसं वाढेल असं वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण डावा कान उत्तम आहे. तो जपा."

घरी येताना मी यांना म्हटलं, मोबाइलमधलं ते सगळं पुसून टाकते.

वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. एका कानाने अचानक कमी ऐकू आलं तर दडा समजून बसू नका. तेल घालू नका, दुकानं हिंडू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. माझे ते दिवस परत येणार नाहीत. अर्धा का होईना कान वाचवला, त्या डॉक्टरांची मी आयुष्यभर ऋणी आहे.

मी काही पुसलं मात्र नाही. एका दुपारी ओसरीवर बसून डाव्या कानात इअरफोन घातला आणि त्या जुन्या ध्वनिमुद्रणातला संथ भाग लावला. दोन्ही व्हायोलिनं स्वच्छ आली. खाली सगळं ओसाड. उजवी वायर छातीवर लोंबत होती. हे शेजारी येऊन टेकले. वायर उचलली, उलटसुलट पाहिली आणि स्वतःच्या कानात घातली.

बराच वेळ कपाळाला आठ्या घालून ऐकत बसले. मग हळूहळू, बेसूर, घशातल्या घशात गुणगुणायला लागले. तोच सेलो होता.

मी काहीतरी बोलायला गेले.

"गप गो," ते म्हणाले. "तुझा तो जाडा आलाय आता." पुन्हा ऐकलं, आणि एकदम काळजीने माझ्याकडे वळले. "पण तुझे ते वरचे दोघे कुठं गेले? मला नाय नीट ऐकू येत."

"ते माझ्याकडे आहेत," मी म्हटलं.