बोन्सायची फुलं देव्हाऱ्यात

आज सकाळी सकाळी आईवर ओरडले, मंडळी. कारण ऐका आणि मग मला बोला.

माझा हॉथॉर्नचा बोन्साय सहा वर्षांत पहिल्यांदाच फुलला. वीतभर काटेरी झाड, त्यावर पांढरीशुभ्र फुलं! फोटोसाठी आजची मीटिंग कॅन्सल केली, ट्रायपॉड घेऊन डेकवर गेले, तर झाडावर एकही फूल नाही.

महिन्यापूर्वी रत्नागिरीहून इथे अमेरिकेत, नोव्हायला आलेली आई आत पूजा करत होती. माझी सगळी फुलं गणपतीसमोर!

"अगं, दारात ताजी फुलं असताना देवाला दुकानातली शिळी वाहू?"

मी ओरडले. मग ती हात धरून मला डेकवर घेऊन गेली. मागच्या फांदीवर, काट्यांच्या आड, तीन टपोऱ्या कळ्या होत्या.

"कळ्या मी तोडत नाही. उमलल्याशिवाय देवाला चालत नाहीत."

उमलल्या की तिघींचा फोटो मी काढणारच. तोवर रोज पाचचा अलार्म. मागे धरायला आईची काळी चंद्रकळाही मागून घेतलीय.

फक्त एक सांगा, तुमच्या घरी आईच्या आधी कुणी कधी उठलंय का?