भगवानकाकांचे सात लिटर

कोलशेतच्या आमच्या चाळीत भगवानकाकांइतका निर्व्यसनी माणूस शोधून सापडायचा नाही. चहासुद्धा अर्धाच घेतात. अशा माणसावर दारूचा आळ आला, तेव्हा हसावं की कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी, मला कळेना.

काका खाडीजवळच्या एका छोट्या कारखान्यात काच पुसायचं लिक्विड बनवतात. शंभर लिटर स्पिरिट, शंभर लिटर पाणी, ढवळायचं आणि बाटल्या भरायच्या. अकरा वर्षं कुणी तयार माल मोजला नाही. मग मालकांचा मुलगा सर्वेश कारभार बघू लागला. त्याने टाकीला मापाची पट्टी लावली, आणि दर खेपेला सात लिटर कमी भरायला लागलं.

सगळ्या कामगारांसमोर त्याने विचारलं, "काका, मोजून पिता की अंदाजे?" वर, शनिवारी माप पुरं भरलं नाही तर सोमवारपासून येऊ नका, असंही सुनावलं. काकांनी टाकी तपासली, नळी बदलली, झाकण घट्ट लावून स्वतः शेजारी बसून राहिले. सात लिटर कमी ते कमीच. घरी शकूकाकूही गुपचूप त्यांच्या तोंडाचा वास घ्यायला लागल्या. ते मात्र काकांना फार लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी नववीच्या मुलींची शिकवणी घेत होते. सगळे पदार्थ कणांचे बनलेले असतात आणि कणांच्या मधे जागा असते, वायूत तर भरपूर, पण द्रवातही असतेच. मुली जांभया द्यायला लागल्या, म्हणून मी डब्यात वाटीभर चणे घेतले, त्यावर वाटीभर रवा ओतला आणि डबा हलवला. परत मोजलं तर जेमतेम दीड वाटी.

दारात बसलेले काका ताडकन उठले. "मेघना, अर्धी वाटी गेली कुठे?"

"कुठेच नाही काका, रवा चण्यांच्या फटीत बसला. तसंच पाण्याचे कण आणि स्पिरिटचे..."

मी हातातला डबा खाली ठेवला आणि काकांकडे वळले. दहा वर्षं हा धडा शिकवतेय, आणि शेजारचा माणूस त्याच धड्यात अडकलाय हे माझ्या डोक्यात आलं नाही. काकांना त्या रात्री झोप लागली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

शनिवारी मी शिकवणीतली मापाची नळी घेऊन त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले. सर्वेशलाच ओतायला लावलं. पन्नास मिली स्पिरिट, पन्नास मिली पाणी. त्याने नळीचं तोंड बंद करून ती हलवली, टेबलावर ठेवली, वाकून बघितलं. शंभर भरले नव्हते. सत्त्याण्णवच्याही जरा खालीच. त्याने परत सगळं नव्याने ओतलं. परत तेच.

"वजन करून बघ, मिसळण्याआधी होतं तेवढंच भरेल," मी म्हणाले. "यापुढे वजनावरच मोजत जा."

सगळे कामगार गोळा झाले होते. काका पुढे आले, नळी उजेडात धरली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, मोजून प्यायलात की अंदाजे?"