बायकोच्या नावावरची रिव्हॉल्व्हर

माझ्या मालकीची पहिली बंदूक मला एकाहत्तराव्या वर्षी मिळाली. त्याआधी चाळीस वर्षं ती माझ्याच घरात होती, पण माझी नव्हती. बायकोची होती. परवान्यावर नाव तिचं, फोटो तिचा, सही तिची. मी तिचा नवरा, एवढाच माझा त्या बंदुकीशी संबंध.

बंदूक म्हणजे हातात मावणारी, सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर. आमच्याकडे सगळ्यालाच बंदूक म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ती मूळची माझ्या सासऱ्यांची. सासरे फौजेत सुभेदार होते, निवृत्त होऊन धुळ्याकडच्या गावी राहत. त्यांना एकच मुलगी. मी चुलत्यांना घेऊन तिला बघायला गेलो, तेव्हा चुलत्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "पोरीला काय काय येतं?"

सासरे आत बघून म्हणाले, "आण गं ती."

आम्हाला वाटलं भरतकाम आणते. तिने बंदूक आणली. पाटावर जुन्या धोतराचा तुकडा अंथरला, गोळ्या काढून एका रांगेत उभ्या केल्या, नळी पुसली, चक्र फिरवून उजेडात धरून पाहिलं, तेल लावलं, आणि पदर सावरून चहा आणायला गेली. चुलते देण्याघेण्याचं बोलायला आले होते. ते चहा पिऊन एवढंच म्हणाले, "मुलगी पसंत आहे." मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय वेगळं सांगणार होतो.

लग्नानंतर आम्ही सुरतला आलो. नवागामात खोली घेतली, मी लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात लागलो. सात-आठ वर्षांनी सासरे वारले आणि त्यांची बंदूक वारसाने तिच्या नावावर झाली. ती इथे आली त्या दिवशी मी सहज हात पुढे केला. बायको अहिराणीत म्हणाली, "ती मन्हा बापनी शे. हात लावानं नही." बाकी सगळ्या गोष्टीत ती माझं ऐकायची असं मी म्हणणार नाही, पण या गोष्टीत तर मुळीच नाही. पत्र्याच्या पेटीत एक डबा, डब्याला कुलूप, किल्ली तिच्या कमरेला.

तिने आयुष्यात ती कुणावर रोखली नाही. रोखायची गरजच पडली नाही. गल्लीच्या नळावर बायकांची भांडणं व्हायची, केस धरण्यापर्यंत जायची. माझ्या बायकोचा हंडा आला की रांग आपोआप सरकायची. ती बिचारी म्हणायची, "लोक किती चांगले आहेत इथले." मला मात्र खात्यात नाव पडलं, बंदूकवालीचा नवरा. शेटसुद्धा मला ओरडताना आवाज जरा खाली घ्यायचा. तो माझा मान नव्हता हे मला माहीत होतं, पण मी घेतला. सोडतं कोण.

निवडणूक आली की परवानेवाल्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. ती इस्त्रीची साडी नेसून जायची, पिशवीत तळाशी डबा, वर मेथीची जुडी. ठाण्यात तिला खुर्ची मिळायची. "आवो बेन, बेसो." मी मागे उभा. एकदा हवालदाराने मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "ते सोबत आलेत."

दर दसऱ्याला ती शस्त्रांची पूजा करायची. पाटावर माझा लूमचा धोटा, तिची कात्री आणि मधे बंदूक. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आधी गोळ्या काढून ठेवायची, तेवढी शिस्त फौजीच्या लेकीला होती. पण पूजा सढळ हाताने. एका वर्षी परवान्याच्या कामासाठी बंदूक बंदुकांच्या दुकानात दाखवायची होती. दुकानदार गुजराती, म्हातारा, फार सभ्य. त्याने चक्र उघडलं, आपटलं, तर काचेवर तांदूळ पडले. मग नळीतून झेंडूची पाकळी आली. त्याने चष्मा काढून पुसला.

"बेन, आ शुं छे?"

"दसऱ्याची पूजा केली."

"पूजा करो, बेन. पण चोखा बहार मूको." म्हणजे तांदूळ बाहेर ठेवा.

मी हसलो. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "परक्या माणसासमोर हसलात." त्यानंतर अक्षता बाहेर, फूल बाहेर, फक्त कुंकवाचं एक बोट. आणि मला दसऱ्याला श्रीखंड निम्मं.

गेल्या वर्षी ती गेली. पोटाचं दुखणं होतं, तीन महिन्यांत संपलं. शेवटच्या दिवसांत माणसं काही मोठं बोलतात म्हणे. तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. रेशनकार्ड कुठे आहे आणि बंदुकीला तेल कुठलं लावायचं. मी हो म्हटलं. आणखी काही विचारायला पाहिजे होतं, सुचलं नाही.

तिच्या साड्या पोरीने नात्यातल्या बायकांना वाटल्या. चष्मा कुणाच्या डोळ्यांना चालेना. भांडी मीच वापरतो, ती माझीच झाली. राहिली बंदूक. तिने मला कधी हात लावू न दिलेली घरातली तेवढी एकच वस्तू. तेराव्यानंतर मी कुलूप काढलं, तर दस्त्यावर जुनं कुंकू होतं, तिच्या बोटाएवढं. तेव्हा मी ठरवलं की ही मी सोडणार नाही. दुसरं कारण नाही. चोराची भीती म्हणाल तर माझ्या घरात येऊन चोराने न्यायचं काय.

चौदाव्या दिवशी मी स्वतः ठाण्यात गेलो. साहेबाने कागद बघितले आणि विचारलं, "परवाना ज्यांचा त्या वारल्यावर चौदा दिवस ही कुठे होती?"

"जिथे चाळीस वर्षं होती तिथे. डब्यात."

"काका, असं ठेवता येत नाही."

"म्हणून तर आणली."

त्याने ती त्याच सभ्य दुकानदाराकडे जमा करायला लावली आणि समजावलं. नवऱ्याला वारस म्हणून परवाना मागता येतो. त्यासाठी दुसऱ्या वारसांची संमती, डॉक्टरचा दाखला आणि बंदूक चालवायच्या वर्गाचा दाखला लागेल. नसेल घ्यायची तर विकून टाकायची नाहीतर सरकारला द्यायची.

दुसरा वारस म्हणजे माझी पोरगी. ती कोसाडला राहते, नवरा टेम्पो चालवतो, दोन लेकरं. मी संमतीचा कागद घेऊन गेलो. तिने कागद वाचला, दोनदा वाचला.

"आप्पा, तुम्ही एकटे राहता."

"मग?"

"एकट्या माणसाच्या घरात बंदूक कशाला?"

"तुझ्या आईची आहे."

"ते मला माहीत आहे. मी दुसरं विचारते."

ती काय विचारते ते मला कळलं. तिला कशाची भीती वाटत होती ते तिने उघड म्हटलं नाही आणि मीही म्हणू दिलं नाही. बायको गेल्यापासून मी नीट जेवत नव्हतो, दाढी करत नव्हतो, दोनदा पोरीचा फोन उचलला नव्हता. पोरगी हे सगळं मोजत होती. तरी तिने सही केली. का केली ते जावयाने नंतर सांगितलं. "ती म्हणाली, डोळ्याचं ऑपरेशन झालेला, हात थरथरणारा माणूस, कोण पास करणार आहे आप्पांना. उगीच नाही कशाला म्हणू."

डॉक्टरने डोळे पाहिले, हात पुढे करायला लावले. मी डाव्या हाताने उजवा धरला. तो म्हणाला, "सोडा." मी सोडला. हात माझ्या नशिबाने त्या दिवशी गप्प राहिला.

वर्गाला आम्ही तिघे होतो. एक कापड मार्केटमधला शेट, एक दागिन्यांच्या दुकानावर राखणीला राहिलेला निवृत्त फौजी आणि मी. नंबर यायची वाट बघत बाकावर बसलो होतो. अशा ठिकाणी माणसं दुसरं काय बोलणार. पहिली बंदूक कुठली, तीच गोष्ट निघाली.

शेट म्हणाला, त्याची पहिली बापाने दिली, पेढीवर बसला त्या दिवशी. ती कमरेला खोचून तो गादीवर बसला आणि दुपारपर्यंत मांडी घालता येईना, पोटात टोचायची. संध्याकाळी काढून कपाटात टाकली. कपाटाची चावी बायकोकडे. आता नवी घेतलीय, लहान.

"तीही टोचते," शेट म्हणाला. "पण आता पोट वाढलंय."

फौजी म्हणाला, त्याने सगळं आयुष्य सरकारच्या बंदुका उचलल्या. स्वतःची पहिली रिटायर झाल्यावर घेतली, आणि ती घरी आणली त्या दिवशी बायकोने विचारलं, "हिच्याऐवजी वॉशिंग मशीन नव्हतं का मिळत?"

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. "काका, तुमची पहिली?"

"माझी अजून व्हायचीय," मी म्हटलं. "आतापर्यंत बायकोची होती."

दोघे खूप हसले. शेट मांडीवर हात मारून हसला. मग फौजीने विचारलं, "आता का देतेय?" मी सांगितलं. फौजीने खिशातून तंबाखूची पुडी काढून माझ्यापुढे धरली.

शिकवणाऱ्या सरांनी कानावर लावायचे डबे दिले. मी म्हटलं, मला नको, चाळीस वर्षं लूमच्या आवाजात काढली आहेत, माझे कान आधीच बंद आहेत. तरी लावायला लावले. शेट आणि मी शेजारी शेजारी उभे राहिलो, समोर दोघांचे दोन कागद. पाच-पाच गोळ्या. पहिल्या गोळीला माझा हात कपाळापर्यंत वर गेला. असली वस्तू बायको साडीच्या पदराने पुसायची हे मला खरंच वाटेना.

कागद आणले तर माझ्या कागदावर चार भोकं, चारही कडेला. शेटच्या कागदावर सहा. त्याने पाचच मारल्या होत्या. आणि त्या सहातलं एकच मधोमध होतं. शेट त्या भोकावर बोट ठेवून म्हणाला, "आ मारुं." म्हणजे हे माझं. सरांनी माझ्याकडे बघितलं, शेटकडे बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, बंदूक तुम्ही नीट धरता, नीट रिकामी करता, नीट खाली ठेवता. दाखला त्याचाच असतो. नेम कुणावर धरू नका, म्हणजे झालं."

आणि मी पास झालो. पोरीला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "बरं."

ठाण्याच्या चकरा झाल्या, काही महिने गेले, परवाना आला. माझं नाव, माझा फोटो. दुकानातून बंदूक घरी आणली, तिच्याच डब्यात ठेवली, किल्ली करदोट्याला बांधली. दुपारी पोरगी दारात. हातात पिशवी. "दोन दिवस राहते, आप्पा. लेकरं त्यांच्या आजीकडे आहेत."

दोन दिवसांचे चार झाले, चाराचे दहा. ती सकाळी उठून पहिलं पेटीकडे बघायची, मग माझ्याकडे. मी संडासला गेलो तरी दोन मिनिटांनी हाक. "आप्पा?" मी आतून ओरडायचो, "जिवंत आहे." ती म्हणायची, "मी तसं कुठे विचारलं." पण घरात दोन वेळा चूल पेटत होती. मी दाढी करायला लागलो. रात्री जेवताना ती आईच्या तक्रारी सांगायची आणि मी माझ्या तक्रारी सांगायचो, आणि दोघांच्या तक्रारी सारख्याच निघायच्या.

पंधराव्या दिवशी जावई टेम्पो घेऊन आला. चांगला माणूस आहे, पण वाळला होता. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "मामा, मी रोज खिचडी खातोय. लेकरं माझ्या आईला ऐकत नाहीत. दोघींपैकी एकीला पाठवा. हिला नाहीतर बंदुकीला."

पोरगी आतून म्हणाली, "तुम्ही गप्प बसा."

मी खरं सांगतो, मला विचार करावा लागला. बंदूक ठेवली तर पोरगी राहील, हे मला पंधरा दिवसांत पक्कं कळलं होतं. म्हणजे एका डब्यामागे दोन्ही माझ्याकडे. मी तो हिशेब मनात दोनदा केला आणि दोन्ही वेळा मला तो आवडला. मग जावयाच्या शर्टाकडे नजर गेली. गुंड्या वरखाली लागल्या होत्या.

पोरीला म्हटलं, "चप्पल घाल."

दुकानदाराने बंदूक उघडून पाहिली, रिकामी आहे याची खात्री केली, परवाना पाहिला. सांभाळायला ठेवायची म्हटल्यावर वही पुढे ओढली आणि विचारलं, "क्यां सुधी, काका?" म्हणजे कधीपर्यंत. मी म्हटलं, "हिला विचारा." पोरगी दुकानदाराकडे बघेना, माझ्याकडेही बघेना, काचेतल्या काडतुसांच्या पट्ट्यांकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "मी सांगेन तेव्हा." दुकानदाराने ते तसंच गुजरातीत लिहिलं. मालकाच्या रकान्यात माझं नाव लिहून त्याने वही फिरवली आणि मी सही केली. हात थरथरला. या वेळी मी धरला नाही.

बाहेर जावई टेम्पो चालू करून उभा होता. पोरीची पिशवी मागे ठेवलेली. बंदूक आता घरी नाही, म्हणजे तिला राहायचं काही कारण नव्हतं. मीच म्हटलं, "बस, जा. लेकरं वाट बघत असतील."

ती रस्त्यापलीकडच्या भाजीच्या गाडीकडे बघत होती. "भरताची वांगी चांगली दिसतात," म्हणाली. "आज करते. उद्या जाईन."

जावयाने टेम्पो बंद केला. मी वांगी निवडायला गेलो.